जपानांतील शेतकऱ्यांचें निवृत्तिवेतन व त्यापासून घ्यावयाचा बोध

जुन्या नियमांखालील सरकारी नोकराचें वय ठराविक मर्यादेस पोहोंचलें कीं त्यास दरमहा कांहीं रक्कम घरबसल्या मिळूं लागते. शेतकऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या म्हातारपणाची तरतूद म्हणजे जमीन व मुलगा हीं दोनच. जमीन वांटण्यांमुळें लहान होत चालली आहे. आणि मुलगा पुण्यामुंबईस नोकरीला गेला तर तो घरीं काय पाठवील, हें त्याच्या तेथील खर्चावर अवलंबून. म्हणून शेतकऱ्यासहि निवृत्तिवेतन मिळालें पाहिजे, ही मागणी वारंवार ऐकूं येते. मागणी रास्त आहे. परंतु तें वेतन कोणाच्या पैशांतून द्यावयाचें, तो पैसा किती वर्षें पुरेल, आणि भरणारे थोडे व घेणारे फार अशी स्थिति आल्यास काय करावयाचें, या प्रश्नांचा विचार मागणीबरोबरच झाला पाहिजे.

या प्रश्नांचीं उत्तरें ज्या देशानें स्वतःच्या अनुभवानें मिळविलीं तो देश जपान होय. तेथें खास शेतकऱ्यांकरितां निवृत्तिवेतनाची योजना १९७१ सालीं सुरू झाली, तीस वर्षें चालली, आणि २००२ सालीं ती मुळापासून बदलावी लागली. ती कां बदलावी लागली, बदलून काय साधलें व काय गमावलें, आणि त्यांतून आपल्या शेतकऱ्यानें काय घ्यावें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

दोन रीति

निवृत्तिवेतनाचा पैसा उभा करण्याच्या मुख्य रीति दोन आहेत. पहिली वाहत्या पाटासारखी. आज जे कामाच्या वयाचे आहेत त्यांनीं वर्गणी भरावयाची, आणि ती त्याच वर्षीं आजच्या वृद्धांस वांटून द्यावयाची. भरणाऱ्याच्या नांवावर पैसा सांठत नाहीं. त्याला मिळतो तो एवढाच शब्द, कीं तूं म्हातारा होशील तेव्हां त्या वेळचे तरुण तुझ्यासाठीं असेंच भरतील. दुसरी रीत पेवासारखी. प्रत्येकाची वर्गणी त्याच्या नांवें सांठवावयाची, ती रोख्यांत व इतरत्र गुंतवून वाढवावयाची, आणि म्हातारपणीं त्याच सांठ्यांतून त्याला द्यावयाची. सोयीसाठीं या लेखांत आपण पहिलीस पाटाची रीत व दुसरीस पेवाची रीत म्हणूं.

पाटाच्या रीतीचा मोठा गुण असा, कीं ती सुरू होतांच फळ देते. ज्यांनीं पूर्वीं फारसें भरलें नाहीं अशा वृद्धांसहि लगेच वेतन देतां येतें. पेव भरावयास तीस-चाळीस वर्षें लागतात, तोंपर्यंत म्हाताऱ्यांनीं करावें काय? शिवाय महागाई वाढली म्हणजे मजुरी व पगार वाढतात, त्यांवरील वर्गणीहि वाढते, आणि वेतन महागाईबरोबर वाढवितां येतें. म्हणून बहुतेक राष्ट्रांनीं आरंभीं किंवा लवकरच पाटाची रीत पत्करली.

तिचा दोष उदाहरणानें स्पष्ट होईल. एका मोठ्या गांवीं कामाच्या वयाचीं १०० माणसें व २० वृद्ध आहेत असें समजूं. प्रत्येक कर्त्या माणसानें दरमहा १०० रुपये भरले तर १०,००० रुपये जमतात, व प्रत्येक वृद्धास ५०० रुपये पडतात. तीस वर्षांनीं मुलें थोडीं झालीं, कांहीं शहरांत गेलीं, म्हातारीं माणसें अधिक वर्षें जगूं लागलीं, आणि गांवांत ५० कर्ते व ५० वृद्ध राहिले असें धरा. वर्गणी तीच ठेवली तर ५,००० रुपये जमून वृद्धास १०० रुपयेच पडतील. वृद्धास ५०० च द्यावयाचे म्हटलें तर प्रत्येक कर्त्या माणसास १०० ऐवजीं ५०० रुपये भरावे लागतील. यांत कोणी अफरातफर केलेली नाहीं कीं कोणी आळस केलेला नाहीं. माणसांचें प्रमाण बदललें, एवढ्यानेंच हिशेब मोडला.

१९७१ ची योजना

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून पुढील चार-पांच वर्षांत, जपानांत मोठी जमीनसुधारणा झाली. सरकारनें जमीनदारांकडून जमीन विकत घेऊन ती कसणाऱ्या कुळांस दिली. कुळांकडील जमिनीचें प्रमाण सुमारें ४६ टक्के होतें, तें १० टक्क्यांच्या आसपास उतरलें. यामुळें कसणारा मालक झाला. परंतु एका कुटुंबाकडे सरासरी हेक्टरभर जमीन, अशी लहान शेती सर्वत्र राहिली. पुढें १९६० नंतर कारखानदारी झपाट्यानें वाढली व खेड्यांतील तरुण तिकडे गेले. त्या काळच्या जपानी शेतीस तेथील लोक "तिघांची शेती" म्हणत. ते तिघे म्हणजे आजोबा, आजी व आई. कर्ता पुरुष नोकरीवर असे.

अशा स्थितींत जपानी सरकारपुढें दोन हेतु होते. एक, नोकरदारास म्हातारपणीं जसें वेतन मिळतें तसें शेतकऱ्यासहि मिळावें. शेतकरी १९६१ पासून सर्वसाधारण राष्ट्रीय निवृत्तिवेतनांत येत होते. परंतु तें वेतन लहान, त्यावर भर घालावी असा विचार होता. दुसरा हेतु शेतीचा. म्हाताऱ्यानें हातपाय चालेपर्यंत जमीन धरून ठेवूं नये. ती वेळींच तरुण कसणाराच्या हातीं जावी व लहान तुकडे मिळून मोठी शेती व्हावी. यासाठीं १९७० सालीं कायदा झाला व जानेवारी १९७१ पासून शेतकऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची योजना अंमलांत आली.

तींत ५० आर अगर त्याहून अधिक जमीन कसणाऱ्यास वर्गणीदार होणें बंधनकारक होतें. होक्काइदो या उत्तरेकडील विरळ वस्तीच्या बेटावर ही मर्यादा २ हेक्टर होती. आपल्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहितात, तोच हा आर. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तेव्हां साधारण सव्वा एकरापासून पुढचा शेतकरी योजनेंत आला. वेतनाचे प्रकार दोन होते. ६५ व्या वर्षापासून मिळणारें शेतकऱ्याचें वृद्धापवेतन हा एक. दुसरा व मुख्य प्रकार म्हणजे शेती सोपविण्याबद्दलचें वेतन. जो शेतकरी ६० वर्षांनंतर व ६५ च्या आंत आपल्या जमिनीची मालकी अगर वहिवाट मुलाच्या किंवा दुसऱ्या शेतकऱ्याच्या स्वाधीन करून स्वतः कारभारांतून निवृत्त होईल, त्यास हें वेतन मिळे. योजनेचा पैसा मुख्यतः पाटाच्या रीतीनें फिरे; सरकारहि त्यांत भर घाली. १९७५ च्या सुमारास वर्गणीदारांची संख्या अकरा लाखांवर गेली होती. त्या वेळीं वेतन घेणारे थोडे असल्यानें कोणास चिंता वाटण्याचें कारण नव्हतें.

पाट कसा आटला

पुढील पंचवीस वर्षांत चित्र पालटलें. तरुण शेतींत येईनात. १९७१ चे वर्गणीदार म्हातारे होऊन वेतन घेणारांच्या रांगेंत गेले, आणि त्यांच्या जागीं भरणारे मिळाले नाहींत. शतक संपतां संपतां वेतन घेणारांची संख्या भरणारांच्या दुपटीहून अधिक झाली. वर उदाहरणांत आम्ही ५० कर्ते व ५० वृद्ध धरले होते. प्रत्यक्ष स्थिति त्याहूनहि वाईट आली. याचीं कारणें तीन दिसतात.

पहिलें कारण आयुर्मान. १९७० सालीं जपानी पुरुषाचें सरासरी आयुर्मान ६९ वर्षें व स्त्रीचें सुमारें ७५ वर्षें होतें. २००० सालीं पुरुषाचें जवळजवळ ७८ व स्त्रीचें ८४ वर्षांवर गेलें. दीर्घायुष्य ही सुदैवाची गोष्ट. परंतु वेतन देणाऱ्या खात्याच्या हिशेबीं प्रत्येक वृद्धामागें अधिक वर्षांचा खर्च.

दुसरें कारण शेतींतील माणसांची घट. मुख्यतः शेतीवरच राबणारे लोक जपानांत २००० सालीं सुमारें २४ लाख होते. २०२० च्या गणतींत ते १३ लाख ६३ हजार भरले, आणि त्यांचें सरासरी वय ६७.८ वर्षें निघालें. ज्या धंद्यांत राबणाऱ्याचें सरासरी वयच निवृत्तीच्या वयापुढें गेलें, त्या धंद्यांतील लोकांनींच त्याच धंद्यांतील वृद्धांस पोसावें, ही व्यवस्था टिकणें शक्य नव्हतें. एकाच धंद्यापुरती पाटाची रीत केली म्हणजे तो धंदा आकसतांच पाट आटतो.

तिसरें कारण योजनेच्या पोटांतच होतें. म्हाताऱ्यानें जमीन सोपवावी व चार लहान शेतांचें एक मोठें शेत व्हावें, हा तिचा उद्देश. पण चार शेतांचें एक झालें म्हणजे चार वर्गणीदारांच्या जागीं एक राहतो, आणि निवृत्त झालेल्यांस वेतन तर द्यावेंच लागतें. म्हणजे योजना शेतीच्या दृष्टीनें जितकी यशस्वी, तितका तिचा जमाखर्च तुटीचा. ही विसंगति कायदा करतेवेळींच ताडतां आली असती असें आम्हांस वाटतें.

शेतीचा उद्देशहि पुरता सफल झाला नाहीं. पुष्कळ वृद्धांनीं जमीन कागदावर ज्या मुलाच्या नांवें केली, तो कचेरींत अगर कारखान्यांत नोकरी करून सुटीच्या दिवशीं शेत पाहणारा होता. वेतन सुरू झालें, पण कसणारा बदलला नाहीं. पुढें नियमांत भेद करावा लागला: दुसऱ्या शेतकऱ्यास अगर खरोखर शेती करणाऱ्या वारसास जमीन सोपविल्यास अधिक वेतन, व नोकरदार वारसास सोपविल्यास कमी. महसुली दप्तराशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. लाभ नोंदीवर बेतला कीं नोंदी होतात. वहिवाट निराळीच राहते.

२००२ ची सुधारणा

२००१ सालीं कायदा बदलून जानेवारी २००२ पासून नवी योजना सुरू करण्यांत आली. तींत पाटाची रीत टाकून पेवाची स्वीकारली. ठळक गोष्टी अशा आहेत.

वर्गणीदार होणें ऐच्छिक झालें. जमिनीची मालकी ही अट राहिली नाहीं. वर्षांतून ६० दिवस अगर अधिक शेतीचें काम करणारा व राष्ट्रीय निवृत्तिवेतनाची वर्गणी भरणारा कोणीहि शेतकरी, त्याची पत्नी अगर घरांत राबणारा मुलगा यांस येतां येतें. जुन्या योजनेंत ज्या शेतकरी स्त्रियांच्या नांवें जमीन नव्हती त्यांस प्रवेशच नव्हता. १९९५ सालीं कायदा सुधारून, कुटुंबांत कामाचा व उत्पन्नाचा लेखी करार केलेल्या स्त्रियांस तो प्रथम दिला गेला होता. नव्या योजनेनें ही वाट सर्वांस मोकळी केली.

वर्गणी दरमहा २०,००० येनांपासून ६७,००० येनांपर्यंत, एक-एक हजाराच्या टप्प्यानें, ज्याची त्यानें ठरवावयाची. २०२२ पासून ३५ वर्षांखालील तरुणांस कांहीं अटींवर १०,००० येनांपासूनहि आरंभ करतां येतो. जमा रकमेवर प्राप्तिकराची सूट आहे. रक्कम प्रत्येकाच्या नांवें सांठते, गुंतवणुकीचें फळ त्याच्या खात्यांत पडतें, आणि त्या सांठ्यावर आयुष्यभर वेतन मिळतें. वर्गणीदार ८० वर्षांच्या आंत वारल्यास त्या वयापर्यंतच्या वेतनाच्या हिशेबानें एकरकमी पैसे वारसांस मिळतात. होतकरू तरुण शेतकऱ्यांच्या वर्गणींत सरकार दरमहा १०,००० येनांपर्यंत भर घालतें. परंतु सरकारी पैशांतून झालेला वेतनाचा भाग, शेतीचा कारभार दुसऱ्याकडे सोपविल्यावरच मिळतो. जुन्या योजनेचा शेतीविषयक हेतु एवढ्या एका कलमांत राखला आहे.

जुन्या लोकांचें काय झालें? हा प्रश्न सर्वांत कठीण होता. त्यांनीं सरकारच्या शब्दावर विसंबून जमिनी सोपविल्या होत्या. त्यांचें वेतन बंद करणें अन्यायाचें, आणि पूर्ण देण्यास खात्यांत पैसा नाहीं. अखेर शेती सोपविण्याबद्दलच्या वेतनांत सरासरी ९.८ टक्के कपात झाली, आणि उरलेला बोजा राष्ट्राच्या तिजोरीनें, म्हणजे सर्व करदात्यांनीं उचलला. आधींच मिळूं लागलेलें वेतन कमी होणें ही लहान गोष्ट नव्हे. सत्तरीच्या म्हाताऱ्यास तूट भरून काढण्यासाठीं पुन्हा नांगर धरतां येत नाहीं, आणि दिलेली जमीन परत मागतां येत नाहीं.

नव्या योजनेचा गुण हा, कीं तरुण थोडे झाले म्हणून ती मोडत नाहीं. दोषहि सांगितले पाहिजेत. ज्याची मिळकत लहान तो दरमहा २०,००० येन भरूं शकत नाहीं. म्हणून ज्या योजनेंत एके काळीं अकरा लाखांवर लोक होते, तिच्या नव्या रूपांत भरणारांची संख्या लाखाच्याहि आंत राहिली आहे. गुंतवणूक बुडाली अगर व्याज उतरलें तर त्याची झळ भरणाऱ्यासच लागते. पूर्वीं जोखीम सर्वांची मिळून होती. आतां ती ज्याची त्याची झाली.

सबंध राष्ट्राचें निवृत्तिवेतन

शेतकऱ्यांच्या योजनेवर जें ओढवलें तेंच मोठ्या प्रमाणावर सबंध जपानी राष्ट्रापुढें होतें. ६५ वर्षांवरील लोकांचें प्रमाण तेथें १९७० सालीं शेंकडा ७ होतें; १९९४ सालीं १४, २००७ सालीं २१ व २०२३ सालीं २९ झालें. शेंकडा ७ वरून १४ होण्यास फ्रान्स देशास ११५ वर्षें लागलीं. जपानास २४ पुरलीं. एका स्त्रीस सरासरी दोनांहून थोडीं अधिक मुलें झालीं तर लोकसंख्या स्थिर राहते. जपानांत तो आंकडा २०२३ सालीं १.२० होता.

राष्ट्रीय निवृत्तिवेतन सोडून देऊन सर्वांस पेवाकडे ढकलणें शक्य नव्हतें. तसें केलें तर चालू पिढीस दुहेरी भार पडतो. आपल्या म्हातारपणासाठीं सांठवावयाचें, आणि आजच्या वृद्धांचें वेतनहि भरावयाचें. म्हणून २००४ सालच्या सुधारणेनें पाट कायम ठेवला, पण पाण्याप्रमाणें वांटणी लावली. पूर्वीं वेतन आधीं ठरवीत व त्यास पुरेल इतकी वर्गणी वाढवीत. आतां वर्गणीची कमाल मर्यादा आधीं ठरविली: नोकरदारांसाठीं ती २०१७ पर्यंत पायरीपायरीनें पगाराच्या १८.३ टक्क्यांवर नेऊन थांबविली, पैकीं निम्मी मालकानें भरावयाची. मूळ वेतनांतील सरकारचा वांटा एक तृतीयांश होता तो निम्मा केला. आणि तरुणांची घट व आयुर्मानाची वाढ यांच्या हिशेबानें वेतनाची दरवर्षींची वाढ थोडी थोडी रोखून धरण्याचें सूत्र घातलें.

हें सूत्र कसें चालतें तें २०२४ च्या आंकड्यांवरून दिसेल. त्या वर्षींच्या हिशेबास धरलेली भाववाढ ३.२ टक्के व पगारवाढ ३.१ टक्के होती. पूर्वींच्या नियमानें वेतन ३.१ टक्के वाढलें असतें. सूत्राप्रमाणें ०.४ टक्का वजा होऊन वाढ २.७ टक्के झाली. चाळीस वर्षें पूर्ण वर्गणी भरलेल्यास मिळणारें मूळ वेतन त्या वर्षीं दरमहा ६८,००० येन झालें. रक्कम वाढली, पण तींत येणारा माल थोडा घटला. एकदम दहा टक्के कापण्यापेक्षां वर्षानुवर्षें थोडें रोखणें हें सौम्य खरें. परंतु भाव पडत असलेल्या काळांत सूत्र लावूं नये अशी तजवीज असल्यामुळें तें प्रथम लागू झालें तें २०१५ सालीं, म्हणजे ठरल्यावर अकरा वर्षांनीं. तितकीं वर्षें जें रोखावयाचें राहिलें त्याचा भार पुढील पिढीवर गेला.

आपल्याकडील स्थिति

आपल्या देशांत तरुण अजून पुष्कळ आहेत, जपानची चिंता आपणांस कशाला, असें कोणी म्हणेल. २०११ च्या खानेसुमारींत भारतांत साठीपुढील लोक शेंकडा ८.६ होते, हें खरें. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांत एका स्त्रीस सरासरी १.७ मुलें असें प्रमाण आढळलें. म्हणजे आपल्या प्रांतांतील उद्यांची कर्ती पिढी आजच्यापेक्षां लहान असणार. शिवाय खेड्यांतील तरुण शहराकडे जातात, त्यामुळें गांवाचें म्हातारपण प्रांताच्या आधीं येतें.

सरकारी नोकरांपुरता हा प्रश्न आपल्याकडे येऊन गेलाच आहे. केंद्र सरकारनें १ जानेवारी २००४ पासून व महाराष्ट्र शासनानें १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरांस जुनें निवृत्तिवेतन बंद करून पेवाची रीत लावली. पुढें तीविरुद्ध नोकरवर्गाची ओरड झाली, आणि १ एप्रिल २०२५ पासून केंद्रानें ठराविक वेतनाची हमी देणारी एकीकृत योजना पर्याय म्हणून ठेवली. आम्ही स्वतः महसूल खात्यांतील चाकरीबद्दल जुन्या रीतीचें वेतन घेतों, हें येथें सांगणें उचित होय. तें वेतन दरसाल राज्याच्या तिजोरींतून, म्हणजे वाचकांच्याहि करांतून येतें. म्हणूनच शेतकऱ्यास कांहीं नसावें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

शेतकऱ्यांकरितां केंद्र सरकारनें "प्रधानमंत्री किसान मानधन योजना" १२ सप्टेंबर २०१९ रोजीं सुरू केली. ती ऐच्छिक आहे. २ हेक्टरपर्यंत जमीन नांवावर असलेला, १८ ते ४० वर्षें वयाचा शेतकरी तींत येऊं शकतो. प्रवेशाच्या वयाप्रमाणें दरमहा ५५ ते २०० रुपये भरावयाचे. तितकेच केंद्र सरकार भरतें. निधीची व्यवस्था आयुर्विमा महामंडळाकडे आहे. वयाच्या ६० व्या वर्षापासून दरमहा ३,००० रुपये मिळावयाचे, व वर्गणीदाराच्या मागें त्याच्या पत्नीस निम्मे. पत्नीस स्वतंत्र वर्गणी भरून स्वतंत्र वेतनहि घेतां येतें. ऑगस्ट २०२४ पर्यंत देशांतील सुमारें २३ लाख शेतकरी यांत आले होते. सन्मान निधीच्या हप्त्यांतून वर्गणी परस्पर वळती करण्याची सोय आहे.

या योजनेची रीत मुख्यतः पेवाची आहे, हें तिचें बळ होय. हिशेब पाहूं. ४० व्या वर्षीं आलेला शेतकरी २० वर्षांत २०० रुपयांप्रमाणें स्वतःचे ४८,००० रुपये भरतो. वेतन वर्षाला ३६,००० रुपये. म्हणजे स्वतः भरलेली रक्कम सोळा महिन्यांत परत येते. भरणाऱ्यास हा व्यवहार तोट्याचा नाहीं. उणीव आहे ती दुसरीकडे. ३,००० रुपयांची रक्कम ठराविक आहे. महागाईबरोबर ती वाढेल असें योजनेंत नाहीं. भाव दरसाल ५ टक्क्यांनीं वाढले असें धरलें, तर २० वर्षांनंतरच्या ३,००० रुपयांत आजच्या सुमारें १,१३० रुपयांचा माल येईल. १८ व्या वर्षीं आलेल्यास वेतन ४२ वर्षांनीं सुरू होईल. तेव्हां त्या ३,००० ची किंमत आजच्या ३९० रुपयांइतकीहि राहणार नाहीं. जपानांत वेतनाची वाढ रोखली म्हणून वाद झाला. येथें वाढच नाहीं.

दुसरी उणीव नोंदीची. जो मुलगा रोज शेतांत राबतो पण ज्याचें नांव सातबाऱ्यावर नाहीं, त्यास या योजनेंत स्थान नाहीं. जपाननें २००२ सालीं ही अडचण काढून टाकली. तिसरी उणीव ही, कीं २०१९ सालीं ज्यांचें वय ४० च्या पुढें होतें, ते सर्व बाहेर राहिले. त्यांतील निराधार व अल्प उत्पन्नाच्या वृद्धांस श्रावणबाळ योजनेखालीं तहसील कचेरीमार्फत साहाय्य मिळतें. २०२३ सालीं तें दरमहा १,५०० रुपये करण्यांत आलें. मध्यम खातेदार मात्र यांत बसत नाहीं व त्यांतहि बसत नाहीं.

शेतकऱ्यानें काय करावें

जपानच्या अनुभवावरून आम्हांस सुचतात त्या गोष्टी अशा.

१. निवृत्तिवेतनाची कोणतीहि योजना पुढें आली, मग ती सरकारची असो, कारखान्याची असो कीं सहकारी संस्थेची, तर तीन प्रश्न विचारावे. पैसा आजच्या वर्गणीदारांकडून येणार कीं आपल्याच सांठ्यांतून? तीस वर्षांनीं भरणारे किती व घेणारे किती असतील? आणि रक्कम महागाईबरोबर वाढेल कीं तेवढीच राहील? आपल्याच गांवच्या अगर एकाच पिकाच्या शेतकऱ्यांपुरता पाट काढण्याचा बेत कोणी मांडला, तर जपानी शेतकऱ्यांचें उदाहरण त्यास दाखवावें.

२. जे वयांत बसतात त्यांनीं मानधन योजनेंत जरूर यावें व पत्नीचेंहि नांव घालावें. पण म्हातारपणाची सर्व भिस्त त्या ३,००० रुपयांवर ठेवूं नये. महागाईबरोबर ज्यांचें मोल वाढतें अशा गोष्टी, उदाहरणार्थ पाण्याखालील थोडी जमीन, फळझाडें, दुभतें जनावर, हीं सोबत असावींत.

३. जमिनीची वांटणी करतांना आपला व पत्नीचा वांटा राखून मगच मुलांचे वांटे पाडावे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनीं १९९० च्या सुमारास "लक्ष्मीमुक्ति" या नांवानें पत्नीच्या नांवें जमीन करून देण्याची चळवळ केली, ती याच दृष्टीनेंहि विचारांत घेण्याजोगी आहे. नवऱ्याच्या मागें वर्षानुवर्षें जगावें लागतें तें बहुधा तिलाच.

४. मुलास अगर इतर आप्तास बक्षीसपत्रानें जमीन द्यावयाची असेल तर "देणाऱ्याचा व त्याच्या पत्नीचा हयातभर सांभाळ करावा" अशी अट दस्तांतच स्पष्ट लिहावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयींच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याचें कलम २३ असें आहे, कीं साठ वर्षांवरील व्यक्तीनें अशा अटीवर मालमत्ता दिली व घेणाऱ्यानें ती अट पाळली नाहीं, तर न्यायाधिकरणास तें हस्तांतर रद्द ठरवितां येतें. आपल्याकडे हें न्यायाधिकरण प्रांतसाहेबांच्या कचेरींत असतें. अट तोंडी राहिली तर वृद्धास ती सिद्ध करीत फिरावें लागतें. जपानी म्हाताऱ्यानें जमीन सोपविली तेव्हां त्याच्या पाठीशीं निदान सरकारचें वेतन होतें, आणि त्यांतहि कपात झाली. आपल्या म्हाताऱ्याच्या पाठीशीं त्या दस्ताखेरीज दुसरें कांहीं नसतें.

५. जेथें मुलगा खरोखर शेती करणारा आहे, तेथें त्याचें नांव वेळींच सातबाऱ्यावर यावें. वर सांगितल्याप्रमाणें स्वतःचा वांटा राखून, फेरफार नोंदवून, हें निर्धास्तपणें करतां येतें. नांव नाहीं म्हणून तरुण कसणारा कर्जास, विम्यास व मानधनास मुकतो, आणि बाप सत्तरीपर्यंत कागदोपत्रीं कर्ता राहतो, यांत दोघांचेंहि हित नाहीं.

मागणी करणाऱ्या मंडळींसहि एक सुचवावेसें वाटतें. शेतकऱ्याचें वेतन महागाईशीं जोडावें, व त्याचा वाढीव खर्च सर्व राष्ट्राच्या करांतून यावा, केवळ उरल्यासुरल्या तरुण शेतकऱ्यांच्या वर्गणींतून नव्हे, अशी मागणी असावी. शेतकऱ्याच्या मुलांनीं शहरांत जाऊन कारखाने व कचेऱ्या चालविल्या. त्यांच्या कष्टाचा कर तेथें जमा होतो. त्यांस वाढविणारे आईबाप मात्र गांवीं राहिले. तेव्हां त्यांच्या म्हातारपणाचा कांहीं भार त्या करानें उचलावा यांत उपकार नाहीं. आपल्या प्रांतांत भरणाऱ्या हातांची संख्या अजून पुरेशी आहे. ती घटण्यापूर्वीं ही व्यवस्था लागावी. वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं मानधन योजनेच्या नोंदणींत अगर फेरफाराच्या कामांत अडचणी येत असतील, त्यांनीं त्या संपादकांकडे लिहून कळविल्यास त्यांविषयीं पुढील अंकीं विवेचन करूं.